द्रुपदामावशींची शेवंती

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला कधी नीट आलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही, तरी कधी कोणाच्या हाती लागलं तर चुका बघून हसू नये, एवढीच विनंती. चार माणसांत मला बोलता येत नाही, शब्द घशाशी येऊन अडकतो. लिहिताना तसं होत नाही.

लिहायचंय द्रुपदामावशींबद्दल. आमच्या केदारखेड्यात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्या मध्ये फक्त एक बोळ. गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. परवा त्यांची सून रेखा दारात आली आणि म्हणाली, "मंगलताई, शेवंतीचे शेंडे खुडायला आलेत. येता का? आत्याबाईंनी शेंड्यांना मला कधी हातच लावू दिला न्हाई." मी गेले, खुडून दिले आणि घरी आले. तेव्हापासून मावशी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मावशी उंच होत्या आणि वाळक्या. चालताना सारख्या मागं वळून बघायच्या. कोणी हाक मारली असेल आणि आपल्याला ऐकू आली नसेल तर काय, म्हणून. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "काई होनार तर न्हाई ना?" दूध उतू गेलं तरी तेच, पाहुणा आला तरी तेच. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवायच्या, मग फोन घ्यायच्या. एसटी उशिरा आली तर त्यांना घोर लागायचा, आणि वेळेवर आली तर जास्त लागायचा. "आज बराबर टायमाला कशी काय आली गं मंगल? काई होनार तर न्हाई ना?"

संतोष, त्यांचा एकुलता एक मुलगा, जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला. रोज मोटरसायकलवर जाणं-येणं. संध्याकाळी तो येईपर्यंत मावशी बोळाच्या तोंडाशी उभ्या. तो आला की "जेवला का?" वगैरे काही नाही. एकदा गाडीभोवती फिरून यायच्या आणि आत जायच्या. संतोष म्हणायचा, "माय मला न्हाई, गाडीला बघायला उभी राह्यती."

पण ह्याच घोरानं त्यांची शेवंती गावात सगळ्यात चांगली यायची. घरामागं त्यांचे पाच-सहा गुंठे होते. पिवळी आणि पांढरी, दोनच रंग. शेवंती एकदा लावली की एका हंगामात संपत नाही. फुलं झाली की झाड मेल्यासारखं दिसतं, पण बुडाशी पिल्लं फुटतात. ती उन्हाळाभर सावलीत जगवायची आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वाफ्यात लावायची. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा जी शेवंती ह्या घरामागं होती, तीच पिल्लावर पिल्लू होत अजून आहे. बाजारातून घेतलेला जवळचा चष्मा त्यांच्याकडं होता, तो पोथीला नाही, शेवंतीला. सकाळी तो लावून एकेक पान उलटं करून माव्याची कीड बघायच्या. दिसला की साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पान पुसायच्या, लेकराचं नाक पुसावं तसं.

एकदा भर उन्हाळ्यात त्यांच्या भाचीच्या लग्नाला टेंभुर्णीला जायचं होतं. मलाही बरोबर घेतलं. निघताना बघते तर मावशींच्या हातात बादली. बादलीत ओलं पोतं, पोत्यात शेवंतीची पिल्लं.

"मावशी, ही कशाला? रेखा आहे ना घरी."

"रेखा पानी घालंल गं. पन लय घालंल. न्हाईतर घालायचंच इसरंल. म्या तिकडं अक्षता टाकू का हिकडं जीव टांगून ठिवू?"

एसटीत कंडक्टरनं बादली बघितली. "मावशी, याच्यात काय हाय?"

"लेकरं हायेत बाबा."

"मंग अर्धं तिकीट काढू का?"

सगळी गाडी हसली. मावशींनी मात्र खरंच कनवटीचे पैसे काढले. "काढ. पन ते मागचं पत्र्याचं पिंप इकडं सरकू देऊ नको."

लग्नात बादली त्यांनी नवरीच्या खोलीत पलंगाखाली ठेवली. मंगलाष्टकं चालू होती आणि मावशी हळूच उठून निघाल्या. नवऱ्याकडचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "ओ बाई, तिकडं कुठं? नवरी तर हिकडं उभी हाय!" मावशी लाजल्या नाहीत. बघून आल्या, माझ्या कानाशी म्हणाल्या, "बरी हायेत," आणि मग राहिलेल्या अक्षता टाकल्या.

श्रावणात शेंडे खुडायचे असतात. शेंडा खुडला की झाडाला बाजूनं फांद्या फुटतात आणि फूल जास्त येतं. हे मावशींना माहीत होतं, पण हात होत नव्हता. त्यासाठी त्या मला बोलवायच्या आणि स्वतः माझ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या.

"झालं का?"

"अजून वाफे राहिलेत, मावशी."

"हळू खुड. जल्दी करू नको. कळतं तिला."

खुडलेले शेंडे मी बांधावर टाकायचे, ते त्या वेचून घरात न्यायच्या आणि फुटक्या माठाच्या ओल्या वाळूत खोचायच्या. अर्धेअधिक जगायचे. म्हणून तर दरवर्षी वाफे वाढत गेले.

फुलं त्या जालन्याला न्यायच्या. सकाळच्या गाडीला टोपली, नवीन जालन्यात ठरलेली चार-सहा घरं आणि दुकानं. त्यातल्या एका आडत दुकानाच्या माडीवर भाभीजी राहायच्या. मारवाडी घर, पण त्यांचे लोक इकडं कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, रागावल्या की तेवढी हिंदी यायची.

एका वर्षी गणपतीत भाभीजींनी मावशींना माडीवर बसवून घेतलं. मी टोपली धरून दाराशी उभी होते.

"मावशीजी, पोरीचं लग्न ठरलं. देवउठनी ग्यारसला. मांडवात बाहेरचं फूल बिलकुल नको, चार दिवस बर्फात पडलेलं असतं. पिवळी, पांढरी, सगळी तुमची."

"सगळी?"

"सगळी. हे पंधरा हजार आगाऊ ठेवा."

मावशींनी पाकीट परत सरकवलं. "भाभीजी, पैशे नका देऊ. पैशे घेतले का मला झोप यायची न्हाई."

"नाही घेतले तर मला येणार नाही," भाभीजी म्हणाल्या आणि पाकीट टोपलीत टाकलं.

देवउठनी ग्यारस म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, शेवंतीचा भर. दरवर्षी दसऱ्याला कळ्या आणि दिवाळीनंतर नुसती फुलंच फुलं. चुकायचं काही कारण नव्हतं. पण गाडीत बसल्यापासून मावशींचं सुरू झालं. पाऊस जास्त झाला तर? कमी झाला तर? कोणी चोरून तोडली तर? आणि नदीकडून डुकरं आली तर? डुकराचं भ्या खरं होतं. पलीकडच्या मक्यात ती एकदा शिरली होती आणि सकाळी नांगरल्यासारखं रान झालं होतं.

त्या पैशातून मावशींनी पाण्याची जळालेली मोटर भरून घेतली, शेणखत आणलं, चारी बाजूंनी तारेचं कुंपण केलं. तरी जीव थाऱ्यावर येईना. मग संतोषच्या मागं लागून घराच्या पत्र्यावर मोठा फोकस बसवला, मैदानात लावतात तसला. दिवस मावळला की फोकस लागायचा तो उजाडेपर्यंत. सगळा मळा दुधासारखा पांढरा. जाणारे-येणारे विचारायचे, "मावशी, क्रिकेटची मॅच ठिवली का काय?"

"ठिवली. तूच ये पैला आऊट व्हायला."

त्या दिवसांत मावशी थोड्या निवांत वाटल्या. म्हणायच्या, "उजेड असला का जनावर येत न्हाई अन् चोरबी येत न्हाई. खर्चा झाला, पन घोर गेला." रेखाचा घोर मात्र वाढला. तिच्या खोलीची खिडकी मळ्याकडं. रात्रभर डोळ्यांवर उजेड. सासूला बोलायची सोय नव्हती, तिनं मुकाट्यानं पत्र्याच्या कडेपासून कुंपणाच्या खांबापर्यंत दोर बांधला आणि त्यावर जुनी सतरंजी टाकली.

पितरं गेली, घट बसले. शिवारातल्या बाकीच्या शेवंत्यांना मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. मावशींची शेवंती कमरेपर्यंत आली, हिरवीगार, पानं हाताएवढी, पण कळी एक नाही. मावशी चष्मा लावून शेंडा न् शेंडा बघायच्या. आधी म्हणाल्या, खत जास्त झालं. मग म्हणाल्या, कमी झालं. औषधाच्या दुकानातून बाटली आणून फवारली. कुंपणाला लिंबू-मिरची बांधली. आमच्याकडं यायच्या, उंबऱ्यात बसायच्या आणि तशाच उठून जायच्या. मावशी "काई होनार तर न्हाई ना" म्हणेनाशा झाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

भाभीजींचा फोन यायला लागला. मावशी फोन हातात धरून बघत राहायच्या, वाजून वाजून बंद होईपर्यंत.

"उचला ना मावशी."

"उचलून काय सांगू? फुलं हायेत म्हनू तर खोटं. न्हाईत म्हनू तर तेबी अजून खरं झालं न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा आरडाओरडा ऐकून मी बोळ ओलांडून पळत गेले. मावशी मळ्याच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, रेखाच्या खिडकीसमोरच्या वाफ्याशी. रेखा पिठाचे हात तसेच घेऊन आलेली.

"खरं सांग. काय घातलं तू ह्या वाफ्याला?"

"म्या काय घालनार आत्याबाई? तुमी मला पानी तरी घालू देता का?"

"मंग ह्याच वाफ्याला कळ्या कशा? बघ गं मंगल, बघ! माझ्या सगळ्या वाफ्यांना न्हाई अन् हिच्या खिडकीखाली टच्च भरला! चोरून खत घालून राह्यली आन् मला सांगत न्हाई."

"देवाशपथ न्हाई! म्या हितं काईच करत न्हाई. म्या हितं फक्त झोपते. अन् तेबी ती सतरंजी बांधली म्हनून. तुमच्या त्या फोकसनं डोळ्याला डोळा लागत नव्हता माझ्या!"

मावशींनी वर पत्र्याकडं बघितलं. मग दोरावरच्या सतरंजीकडं. मग खाली. सतरंजीची सावली जिथवर पडत असेल तिथवर कळ्या होत्या, त्याच्या पुढं एक नव्हती. जणू कोणी दोरी लावून आखलं होतं.

मावशी वाफ्याच्या काठावर मटकन बसल्या.

"हिला रात लागती गं रेखे," त्या म्हणाल्या. "अन् म्या हिला रात ठिवलीच न्हाई."

रेखानं पिठाचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. पांढरी पाची बोटं लुगड्यावर उमटली. मावशींनी ती झटकली नाहीत.

त्या संध्याकाळी फोकसचं बटण दाबायला संतोष तयार होता, पण मावशी म्हणाल्या, मीच दाबते. दाबलं. परत चालू केलं. परत बंद केलं. "डुकरं आली तर?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी कुंपणाला रिकामे डबे बांधले आणि बाज उचलून मळ्यात नेली. दुसऱ्या दिवशी रेखानंही आपलं अंथरूण तिथंच नेऊन टाकलं. डुकरं एकदा आलीच. डबे वाजले, दोघी ओरडल्या, तरी नदीकडचे दोन वाफे उकरून गेलीच. मावशी सकाळी मला म्हणाल्या, "आली. खरंच आली बघ," आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा काहीतरी वेगळं होतं, इतके दिवस ज्याची वाट बघितली तो पाहुणा येऊन गेल्यासारखं.

पण अंधार दिला म्हणून शेवंती दुसऱ्या दिवशी फुलत नाही. कळी धरायला, ती भरायला, उमलायला तिचे दिवस ती घेते. एका वाफ्यानं मांडव भरणार नव्हता आणि बाकीच्यांचं एकादशीच्या आत काही होणार नाही, हे मावशींना कळलं होतं. दसरा झाल्यावर आम्ही दोघी जालन्याला गेलो. वाटेत मावशींनी काय बोलायचं ते दहा तऱ्हांनी म्हणून बघितलं. माडीवर गेल्यावर त्यातलं एकही आलं नाही.

"भाभीजी, फुलं यायची न्हाईत. पैशे खर्च झाले. देईन."

भाभीजींच्या घरात दर्जी बसला होता, कपड्यांचे ढीग पडले होते. त्यांनी दर्ज्याला बाहेर जायला सांगितलं.

"अब बता रही हो?" त्या म्हणाल्या. "मावशीजी, फूल नहीं आया, वो भगवान की मर्ज़ी. फोन नहीं उठाया, वो तो तुम्हारी मर्ज़ी थी ना? आता मी कुठून आणू?"

मला बोलायचं होतं, की मावशी झोपल्या नाहीत, त्या खोटं बोलत नाहीत, फोकस त्यांनी फुलांसाठीच लावला होता. शब्द घशाशी आला आणि तिथंच राहिला. आम्ही जिना उतरलो. लग्नाचं बोलावणं आलं नाही. फुलं बाहेरून आली असणार.

मार्गशीर्षात मावशींची शेवंती उघडली. तोवर बाकीच्यांचा बहर ओसरला होता आणि गुरुवारच्या लक्ष्मीच्या पूजेला जालन्यात फुलं कमी पडत होती. मावशींना कधी मिळाला नव्हता तो भाव मिळाला. बुधवारी दिवसभर आम्ही तिघी तोडायचो, गुरुवारी मावशी आणि मी पहिल्या गाडीला. रेखाला त्यांनी तोडायला घेतलं, पण तिच्या मागं मागं फिरून देठ बघायच्या.

टोपली रिकामी झाली की त्या आधी भाभीजींच्या माडीवर जायच्या, मग घरी. दर गुरुवारी थोडे थोडे. भाभीजी पहिल्यांदा दारातच पैसे घेऊन आत गेल्या. नंतरच्या वेळी पाणी दिलं. त्याच्यापुढच्या गुरुवारी म्हणाल्या, "राहू द्या मावशीजी, पुढच्या वर्षी फुलांत फिटेल." मावशी एवढ्या घाबरल्या की पाण्याचा गिलास लवंडला. "न्हाई, न्हाई. पुढच्या वर्साचं मला काय माहीत? काई झालं तर?"

शेवटच्या गुरुवारी राहिलेले सगळे पैसे होते. बहुतेक दहा-वीसच्या नोटा, पूजावाल्या बायकांनी दिलेल्या, काहींना हळदीचे डाग. मावशींनी गाडीत तीनदा मोजल्या आणि माझ्याकडूनही मोजून घेतल्या. माडीवर भाभीजी जेवत होत्या. मावशी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"आत या ना."

"तुमी जेवा. हात धुवा. मंग घ्या."

भाभीजींनी हात धुतले, पुसले आणि नोटांचा गठ्ठा घेतला. तसाच कपाटात ठेवायला वळल्या.

"मोजा ना भाभीजी."

"तुमच्यावर भरोसा आहे."

"माझा न्हाई माझ्यावर. मोजा."

भाभीजी खाली बसल्या. एकेक नोट चटईवर ठेवत मोजलं. मावशींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. शेवटची नोट खाली ठेवून भाभीजींनी वर बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "पूरे हो गए, मावशीजी. पूरे पंधरा. आता तरी सुखानं झोपा."

मावशींनी हात जोडले. मला म्हणाल्या, "चल मंगल." आम्ही निम्मा जिना उतरलो असू. मावशी थांबल्या, मागं वळल्या आणि पुन्हा वर चढल्या. मी त्यांच्या मागं. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि आत बघत होत्या.

"भाभीजी, कपाटाला कुलूप लावलं का? लगीनघर होतं, पाव्हने-रावळे येऊन राह्यले असतील अजून. उघडं टाकू नका. काई झालं तर?"

भाभीजी उठल्या. त्यांनी किल्ली फिरवली, मूठ ओढून दाखवली.

"अजून एकदा वढा," मावशी म्हणाल्या.

भाभीजींनी अजून एकदा ओढली.